रक्त योग्य कारणासाठीच चढवलं गेलं का, हे ऑडिटमध्ये कसं ठरवायचं?

रक्तपेढीच्या इश्यू रजिस्टरमधून (दिलेल्या पिशव्यांच्या नोंदवहीतून) सलग केसेस घ्या आणि प्रत्येक पिशवीमागे रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन व केसपेपरवरचं कारण ताडून पाहा. रक्तस्राव नसलेल्या, स्थिर प्रौढ रुग्णासाठी हिमोग्लोबिन ज्याखाली गेल्यावर रक्त द्यायचं ती मर्यादा साधारण ७ ग्रॅम प्रति डेसिलिटर, आधीपासून हृदयविकार असल्यास ८. अशा बहुतेक रुग्णांना याहून सढळ हाताने रक्त देऊन क्लिनिकल ट्रायल्समध्ये (रुग्णांवरच्या तुलनात्मक अभ्यासांत) फायदा दिसलेला नाही. खरी गोम बहुधा दुसऱ्या पिशवीत असते: पहिलीनंतर हिमोग्लोबिन न तपासताच तीही चढवलेली. नुसतं ‘अ‍ॅनिमिया’ लिहिलं असेल, तर कारण नोंदलेलंच नाही असं धरा. मात्र रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णाला हे आकडे लावू नका. तिथे हिमोग्लोबिन उशिरा उतरतं, म्हणून नाडी, रक्तदाब आणि गेलेल्या रक्ताचा अंदाज बघा.