कीड नाही, तरी जबडा का दुखतो?

प्रश्न : कामाचा ताण वाढल्यापासून सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानशिलं ठणकतात. दाताला कीड नाही. मग दुखतंय काय?

उत्तर : बहुधा तुम्ही झोपेत दात खात असाल. आरशात पाहा : पुढच्या दातांच्या कडा सपाट झाल्यात का? जिभेच्या कडेवर दातांचे ठसे, गालाच्या आतून पांढरी रेघ दिसते का? दिसत असेल तर दंतवैद्यांना दाखवाच, कारण झिजलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, परत येत नाही. ते मापाचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, देतील. त्याने दात वाचतात, सवय मात्र सुटत नाही.

सवयीवर काम दिवसा करायचं. ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात 2-3 मिमी सुटे आणि जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. फोन वाजला की एकदा तपासा. दात आवळलेले सापडतीलच. झोपण्यापूर्वी गालावर 10-15 मिनिटं कोमट शेक घ्या, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा.

ताणात लाळही कमी होते, तेव्हा घोट घोट पाणी पीत राहा. तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा चावताना एकाच दातात कळ येत असेल, तर दंतवैद्यांकडे जायला थांबू नका. एकाच दातात कळ येत असेल तर त्या दाताला तडा गेलेला असू शकतो.