सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत

"ताई, नाव काढून घेतो. तब्येतीचं कारण सांगतो, म्हणजे कोणी काही विचारणार नाही." समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. स्पर्धा सात आठवड्यांवर होती.

गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, आपणही तेच म्हणू. ओळख पटेल असं बाकी सगळं मी बदललंय. वय पंचेचाळीसच्या आसपास, धुळ्याजवळच्या एका गावात बी-बियाणं आणि खतांचं दुकान. साखर सीमेवर आली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता ते पळू लागले, मग मुलाची गिअरची सायकल हाती आली आणि कोणीतरी ड्युअथलॉनची माहिती पाठवली. आधी 5 किलोमीटर धावायचं, मग 20 किलोमीटर सायकल, आणि उतरून पुन्हा अडीच किलोमीटर धावायचं. मोठ्या अंतराची स्पर्धा 10-40-5 अशी असते, हे तिचं छोटं भावंड. उत्साहात फी भरली आणि गावच्या ग्रुपवर टाकूनही मोकळे झाले.

"मग अडलं कुठं?"

"लोके हासतीन ना, ताई." धक्का बसला की आप्पा अहिराणीवर येतात.

इथं मी चुकले. शेवटचा नंबर येण्याची भीती असं मी धरून चालले आणि एक अख्खी भेट त्यात घालवली. लोक नेमके कोण, काय म्हणतील, त्यातलं खरं किती, हे सगळं कागदावर लिहून काढलं. आप्पांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं भरून दिलं आणि रात्री झोप नाहीच.

खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत निघाली, तीही उठता उठता. नकाणे तलावाच्या बाजूला एका रविवारी त्यांनी सराव केला होता. सोळा-सतरा किलोमीटर सायकल मारली, उतरले, पळायला लागले. पाय लाकडाचे. छाती धडधडायला लागली, म्हणून रस्त्याच्या कडेला बसले. कापूस वेचायला निघालेल्या बायका थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "आप्पांना झटका तर नाही आला?" त्या दिवसापासून आप्पांचा हात सारखा मानेवर. दुकानात गिऱ्हाईक समोर असतानाही दोन बोटं नाडीवर.

अशा वेळी समुपदेशकाने शहाणपण दाखवायचं नसतं. आधी डॉक्टर. ईसीजी झाला, ट्रेडमिलवरची टीएमटी झाली, दोन्ही चांगले आले. "पळू द्या त्यांना, हळूहळू वाढवा," असा डॉक्टरांचा निरोप आला तेव्हाच मी पुढची भेट दिली. सरावात छातीत दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, चक्कर आली तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, हेही ठरवून घेतलं.

मग पायांचं कोडं. सायकलवर अंगाचा भार सीटवर असतो, पाय एकाच चक्रात फिरत राहतात, आपण पुढे वाकलेले असतो. उतरल्याबरोबर प्रत्येक पावलाला सगळं वजन पायावर येतं. मेंदूला चाल बदलायला काही मिनिटं लागतात. तोवर पाय दुसऱ्याचे वाटतात आणि आपण किती वेगात पळतोय याचा अंदाजही चुकतो. हे नवख्याला होतं तसं मुरलेल्यालाही होतं. फरक इतकाच, की मुरलेल्याला ते ओळखीचं असतं. म्हणून खेळाडू सायकलला जोडूनच पळण्याचा सराव करतात आणि त्याला 'ब्रिक' म्हणतात.

"ब्रिक म्हणजे वीट," आप्पा म्हणाले. "तिचा अनुभव मला आलाच आहे." महिन्याभरात पहिल्यांदा ते हसले.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, तिचा उपयोग केला. तीन मजले दोनदा चढून यायचं, बसायचं आणि जे होतंय ते मोठ्यांदा सांगायचं, पण नाडी न धरता. "छाती धडधडते. कानात ठोके ऐकू येतात. घाम." भीतीतही हेच होतं आणि मेहनतीतही हेच. आतून दोन्ही सारखंच जाणवतं, नाव आपण देतो. चार-पाच मिनिटांत ठोके आपोआप उतरले. तिसऱ्या खेपेला आप्पा मध्येच युरियाच्या टंचाईवर बोलायला लागले. मला तेच हवं होतं.

रस्त्यावरचा सराव अगदी बेताचा ठेवला. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं सायकल आणि उतरून पाच मिनिटं फक्त चालणं. मग चालण्याच्या जागी संथ पळणं. शेवटाकडे पाऊण तास सायकल आणि पंधरा मिनिटं पळणं, तेही आठवड्यातून एकदाच. शेवटचा आठवडा अंग हलकं ठेवायचा. महामार्गावर सायकल नाही, तिथल्या ट्रकांची भीती खरी आहे, तिच्यावर समुपदेशनाचा उपाय नाही.

अदलाबदलीची, म्हणजे धावण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जायची तालीम खळ्यात झाली. जमिनीवर पंचा, हँडलला हेल्मेट. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि ठरलेल्या रेषेच्या पुढे गेल्यावरच बसायचं, असा नियम असतो. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, मोबाइलवर वेळ मोजायच्या. पहिल्यांदा सव्वाचार मिनिटं लागली, कारण थरथरत्या बोटांनी क्लिप बसेना आणि बसली तेव्हा हनुवटीखालची कातडी चिमटली. पंधराव्या तालमीला दोन मिनिटांच्या आत.

शेवटच्या नंबराचा हिशोब मात्र मी राहू दिला नाही. आयोजकांना फोन करून वेळमर्यादा विचारा म्हटलं. अडीच तास निघाली. धावणं 40 मिनिटं, सायकल 65, दुसरं धावणं 22, अदलाबदल 5, म्हणजे 2 तास 12 मिनिटं. अठरा मिनिटं शिल्लक. दुकानदार माणूस, शिल्लक दिसली की निवांत होतो. आदल्या रात्री शेवभाजी नको, खिचडी खा आणि नवे बूट त्या दिवशी उद्घाटनाला काढू नका, एवढं काकूंना बजावलं.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी आवाजी निरोप आला. सायकल स्टँडला लावून आप्पा हेल्मेट घालूनच पळत सुटले होते. दोनेकशे पावलं गेल्यावर एका स्वयंसेवकाने आरडाओरडा करून थांबवलं.

"लोके हासनात, ताई. मी बी हासनू."

पायांचं विचारलं तर म्हणाले, लाकडाचेच होते, पहिला अर्धा किलोमीटर. कितवे आले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हेल्मेटसकटचा तो फोटो दुकानात बियाण्यांच्या दरपत्रकाशेजारी चिकटवलाय म्हणे.