दुपारीच सेल्फ का दमतो?

प्रश्न : माझी १५० सीसीची गाडी सात वर्षांची आहे. सकाळी सेल्फ व्यवस्थित लागतो. दुपारी अक्कलकोट रोड एमआयडीसीत फेऱ्या झाल्या, गाडी तापली की बटण दाबल्यावर इंजिन कण्हत फिरतं. किकला मात्र एका फटक्यात चालू! बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच बदलली. मेकॅनिक म्हणतो, मोटरच बदला. बदलू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : एवढ्यात नको. आधी साधा मल्टिमीटर लावा. एका किकला चालू होते, म्हणजे इंजिन जाम नाही. दोष बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या वाटेत किंवा मोटरच्या पोटात आहे.

बॅटरी नवी असली तरी मोजाच. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून घ्या. पुढची मापं गाडी तापवून, न्यूट्रलमध्ये घ्या. थंड गाडीवर हा दोष दिसणारच नाही. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी मोटरच्या टर्मिनलवर धरा आणि कुणाला तरी दोन-तीन सेकंद बटण दाबायला सांगा. दाबण्याआधी मीटर १२ दाखवील, तिकडे लक्ष देऊ नका. दाबल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर वायरची टोकं किंवा रिलेचे (बटण दाबल्यावर मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट वीज खातायत. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर : इथे ०.२ च्या आत हवं. अर्थचा (बॅटरीची मायनस वायर जोडणारा) बोल्ट गंजावर बसलेला असतो; घासून आवळला की पुष्कळदा काम तिथेच संपतं.

दोन्ही मापं ठीक असतील तर बटण दाबून बॅटरीवरच मीटर लावा. व्होल्ट ११ च्या वर टिकून मोटर संथ फिरते? कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजलेत किंवा कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा पडलाय. चांगली बॅटरी धाडकन ९ वर येते? मोटर जादा करंट ओढतेय : शाफ्टला आधार देणारा बुश झिजून आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) चुंबकाला घासतंय किंवा वाइंडिंग (त्यावरची तांब्याची तार) शॉर्ट आहे. तांब्याचा रोध दर १० अंशांमागे साधारण ४ टक्के वाढतो, त्यामुळे सकाळी कशीबशी निभावणारी मोटर आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात उघडी पडते.

मोटर काढताना आधी बॅटरीची मायनस वायर सोडा. बॉडीवर आणि झाकणांवर खुणा करा, वॉशर कुठल्या बाजूला किती होते ते लिहून ठेवा. कार्बन होल्डरमध्ये अडकत नाहीत ना, हेही बघा. कॉम्युटेटर ६०० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने पुसा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहून नेतात. पट्ट्यांमधल्या खाचा साफ करा. शेवटी मीटर : शेजारच्या पट्ट्यांत जोड हवा, पट्टी आणि शाफ्टमध्ये अजिबात नको. तो दिसला तर आर्मेचर गेलं. नाहीतर कार्बनचा सेट बदलून तीच मोटर चालेल.

प्रश्न : बटण दाबल्यावर मोटर जोरात फिरल्याचा आवाज येतो, पण इंजिन हलत नाही. – एक वाचक, मोहोळ

उत्तर : तुमची मोटर चांगली आहे. मोटरची फिरकी इंजिनला देणाऱ्या वन-वे क्लचचे रोलर किंवा त्यांच्या स्प्रिंगा गेल्यात. बहुतेक गाड्यांत मॅग्नेटच्या बाजूचं कव्हर उघडून ते बदलता येतात.