'इट' कुठे बसवायचं?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तू तपासायला पाठवलेलं सगळं वाचलं. काळ चुकलेले नाहीत, स्पेलिंगही नीट आहे. पण एकच चूक सात ठिकाणी आहे, आणि गंमत म्हणजे ती तुझ्या कच्च्या इंग्रजीमुळे नाही, पक्क्या मराठीमुळे झाली आहे. 'आय विल पिक अप यू ॲट सिक्स.' 'प्लीज स्विच ऑफ इट.' 'आय रोट डाउन इट.'

आपण मराठीत रोज काय म्हणतो? 'तुला पिकअप करतो', 'पंखा स्विचऑफ कर', 'फायलींचा बॅकअप घे'. मराठीत येताना क्रियापद आणि 'अप', 'ऑफ'सारखा छोटा शब्द यांची ही इंग्रजी जोडी गोठली, तिचं एकच नाम झालं आणि त्याला आपण 'करणे' किंवा 'घेणे' जोडलं. तिच्यात फट उरलेली नाही, म्हणून 'यू' आणि 'इट' तू बाहेर उभे केलेस. इंग्रजीत मात्र 'पिक' वेगळा आणि 'अप' वेगळा. मधे जागा मोकळी आहे आणि ती सर्वनामाची आहे: पिक यू अप, स्विच इट ऑफ, राइट इट डाउन. यात परकं काही नाही. 'देऊन टाक' याच्या पोटात आपण 'च' घालतोच की, 'देऊनच टाक'.

नाम असेल तर दोन्ही चालतं. 'स्विच ऑफ द फॅन' बरोबर, 'स्विच द फॅन ऑफ'ही बरोबर. फॅनच्या जागी 'इट' आला की मात्र निवड संपली. असं का, हे पुस्तकं क्वचित सांगतात, म्हणून जरा थांबून सांगते. 'इट' हा हलका शब्द आहे. कशाबद्दल बोलणं चाललंय हे दोघांना आधीच ठाऊक असतं, म्हणून तर आपण सर्वनाम वापरतो. आणि इंग्रजी वाक्याला शेवटी काहीतरी वजनदार लागतं. मोठ्यानं म्हणून बघ: स्विच इट ऑफ. आवाजाचा भार 'ऑफ'वर उतरतो, 'इट' मागच्या 'च'ला चिकटून जेमतेम ऐकू येतो, 'स्विचिट ऑफ'. आता 'स्विच ऑफ इट' म्हण. शेवट लुळा पडतो. याच कारणानं लांबलचक कर्म असेल तर ते मधे कोंबत नाहीत, शेवटी ठेवतात. 'माइन' आणि 'समवन'सुद्धा सर्वनामंच, पण ती अंगानं भरलेली, त्यामुळे त्यांना नामासारखी दोन्हीकडे मुभा असते. सक्ती आहे ती इंग्रजीतल्या 'मी' (me), हिम, हर, इट, देम या किरकोळ मंडळींवर.

एवढं कळलं की पुढचा खड्डा लागतो. त्यात मी स्वतः पडले आहे. नियम नवा नवा कळला होता तेव्हा मी मोठ्या ऐटीत 'आय विल लुक हिम आफ्टर' असं लिहिलं होतं. वाचणाऱ्यानं लाल शाईनं गोल केला आणि पुढे फक्त उद्गारचिन्ह दिलं.

हे समजायला इंग्रजी व्याकरण नको, आपलंच शाळेतलं आठव. 'तो खाली बसला' आणि 'तो झाडाखाली बसला'. पहिल्यातलं 'खाली' क्रियाविशेषण, ते क्रियापदाचं. दुसऱ्यातलं शब्दयोगी, ते झाडाचं. आपण शब्दयोगी जोडून लिहितो म्हणून फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजी दोन्ही सुटंच लिहितं आणि तिथं तुझी फसगत होते. 'पिक अप'मधला 'अप' क्रियापदाचा आहे. 'लुक आफ्टर हिम'मधला 'आफ्टर' मात्र 'हिम'चा आहे. त्या दोघांची ताटातूट करता येत नाही.

काही शब्द दोन्ही कामं करतात, तेव्हा सर्वनामाची जागा हाच एक पुरावा उरतो. 'शी सॉ थ्रू इट' म्हणजे तिनं त्यातली लबाडी ओळखली. 'शी सॉ इट थ्रू' म्हणजे तिनं ते काम तडीस नेलं. 'गेट ओव्हर इट' म्हणजे त्यातून सावर. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे एकदाचं उरकून टाक. दुःखात असलेल्या माणसाला दुसरं सांगू नकोस. 'ही लुक्ट अप इट' यात तो धुराडं किंवा जिना असं काहीतरी खालून वर बघतोय, तर 'ही लुक्ट इट अप' यात तो कोशात शब्द शोधतोय.

अडलास तर एक युक्ती. आधी नाम मधे घालून बघ. 'स्विच द फॅन ऑफ' असं कोणी म्हणतं का? म्हणतं. मग सर्वनाम मधेच जाणार. 'लुक द बेबी आफ्टर' असं कोणी म्हणतं का? नाही. मग सर्वनाम शेवटी. तीन शब्दांच्या बहुतेक जोड्यांना, म्हणजे 'पुट अप विथ' किंवा 'लुक फॉरवर्ड टू' यांना वेगळा नियम नको. त्यातला शेवटचा शब्द शब्दयोगी, म्हणून 'पुट अप विथ इट'.

हा जाच तुझ्या एकट्याचा नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की परक्यांना सगळ्यात जास्त त्रास या जोड्यांचा होतो. त्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकामुळे रुळलं. दुखणं जुनं, बारसं उशिराचं.

तुझ्या वहीत तू 'गिव्ह अप, टर्न डाउन, पुट ऑफ' अशी यादी केली आहेस. अर्थांसकट पाठही असेल. ती खोडून नव्यानं लिही आणि प्रत्येक ठिकाणी 'इट' जागेवर बसवूनच लिही: 'टर्न इट डाउन', 'पुट इट ऑफ', पण 'लुक इन्टू इट', 'डील विथ इट'. सुटी जोडी लिहायचीच नाही. रोज पाच पुरेत. लिहिताना तोंडानं म्हणायचं, मनात नाही.

आणि एक राहिलं. तुझ्या पत्राच्या शेवटी, घाईत, तू लिहिलं आहेस: 'आय विल कॉल यू बॅक.' 'यू' बरोबर मधे. ते तुला कोणी शिकवलं नव्हतं. फोनवर शंभरदा ऐकलं होतंस, अख्खंच्या अख्खं.

तुझी,
मावशी