चौदा वर्षांचा घोडा आणि हॅलोविनची पिशवी

ऑक्टोबर उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मी न्यू जर्सीत भारतीय कुटुंबांचं समुपदेशन करते, त्यामुळे तो बरेचदा मराठीतच येतो. "ताई, मुलगा चौदाचा झाला, बाबापेक्षा उंच झाला, आणि अजून 'ट्रिक ऑर ट्रीट'ला जायचं म्हणतो. शोभतं का हे?" म्हणजे ऑक्टोबरअखेरीस हॅलोविनच्या संध्याकाळी सोंग घेऊन, पिशवी घेऊन घरोघरी कँडी मागायला. ओळख पटणार नाही एवढा बदल करून त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते.

आईने आधी कायद्याचा मुद्दा काढला. व्हर्जिनियात मोठ्या मुलांना याबद्दल तुरुंगात टाकतात, असं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. हे अगदीच हवेतलं नव्हतं. तिथल्या चेसापीक शहरात 1970 पासून बाराच्या वरच्या मुलांना मनाई होती आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही होती. 2019 मध्ये त्यांनी वय चौदा केलं आणि कैद काढून टाकली. देशभर लागू असा कायदा नाही. काही गावं वय किंवा वेळ ठरवून देतात, ते आपापल्या टाउनशिपच्या वेबसाइटवर बघून घ्यावं. एवढ्याने तो मुद्दा संपला.

खरं दुखणं बाहेर यायला अर्धा तास लागला. "दारोदार पिशवी पसरणं मला कधीच आवडलं नाही. लहान होता तोवर गोड तरी दिसायचं."

वडील तोवर गप्प होते. ते मूळचे गुहागरकडचे. म्हणाले, "आमच्याकडे शिमग्यात संकासुर होऊन घरोघरी नाचतात, ते काय चौथीतले असतात? चांगले बाप्ये असतात."

"ते देवाचं असतं," आई म्हणाली.

"पोस्त मागतात ना पण?"

मी मध्ये पडले नाही. नवराबायको मुलाच्या मार्कांपलीकडचं काही बोलत होते, हे माझ्या खोलीत रोज घडत नाही.

नंतर मुलाशी एकट्याशी बोलले. तो तीन मित्रांबरोबर सोंगासाठी खोक्यांची व्हेंडिंग मशीन बनवत होता, चौघांची चार, आणि त्याबद्दल थांबता थांबेना. मग गेल्या वर्षाचं निघालं. एका दारात आजीबाईंनी वय विचारलं. तो तेरा वर्षांचा होता, घाबरून "बारा" म्हणाला. कँडी मिळाली, पण घरी येऊन त्याने पिशवी कपाटात फेकली. "मी खोटं का बोललो? तेरा इज नॉट इव्हन ओल्ड."

या वयात मुलं वर्षात आठ-दहा सेंटिमीटर वाढतात, आवाज फुटतो. दार उघडणाऱ्याला समोर बाप्या दिसतो, आत सातवी-आठवीतलं पोर असतं. आपल्या मुलांच्या बाबतीत उंचीबरोबर रंगही मोजला जातो, अंधारात अनोळखी दारात उभा असलेला हा मुलगा कोणाला कसा दिसेल, ही भीतीही आईने दबक्या आवाजात सांगितली. ती मी उडवून लावली नाही. म्हणून ओळखीच्याच गल्ल्या ठरल्या.

वडिलांनी तोडगा सुचवला, धाकट्या बहिणीला घेऊन जा. हा तोडगा बहुतेक घरांत निघतो, मला तो फारसा पटत नाही. मुलगा म्हणाला, "मी तिचा बॉडीगार्ड म्हणून जाणार नाही. मला माझ्यासाठी जायचंय." बरोबरच होतं. जायला परवानगी आहे पण हौस असायला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

आईला मी एकच विचारलं: नाही गेला, तर त्या संध्याकाळी तो कुठे असेल? "घरी. अभ्यास करेल." वर्गातल्या दुसऱ्या कंपूने त्याला कुठे बोलावलं होतं आणि तिथे मोठं माणूस कोणी नसणार होतं, हे त्याने मला सांगितलं होतं. ते आईला सांगायचं की नाही, हे मी त्याच्यावर सोडलं. त्याने पुढच्या भेटीत स्वतःच सांगितलं, आणि आईचा विरोध निम्म्याने उतरला.

मग कामाचं बोललो. सोंग पुरतं हवं, नुसती हुडी घालून पिशवी पुढे करायची नाही. लोकांचा राग बहुतेकदा वयावर नसतो, याच्यावर असतो. पोर्चचा दिवा बंद असेल तर ते दार वाजवायचं नाही. पायरीवर चिमुरडी असतील तर त्यांना आधी जाऊ द्यायचं. तेव्हा इथे सहाच्या आत सूर्य मावळतो, आणि खोक्यात अडकलेल्या मुलाला गाडी आली तर पळता येत नाही, म्हणून चारही बाजूंना चकाकणारी पट्टी लावायची. साडेआठला घरी. कोणी वय विचारलं तर "चौदा" म्हणायचं, नाही दिली कँडी तर "हॅपी हॅलोविन" म्हणून पुढे जायचं. हे शेवटचं आम्ही खोलीतच करून पाहिलं. दारातली खडूस बाई आईनेच केली, आणि फार छान केली.

दोन दारांत त्याला वय विचारलं गेलं. एकाने दिलं, एकाने दिलं नाही. आई नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा तक्रार वेगळीच होती: ती चार खोकी अजून गॅरेजमध्ये आहेत आणि तो टाकू देत नाही.