‘मुलं छान रुळली आहेत’

“ताई, आमची मोठी आता कौटुंबिक प्रार्थनेला बसतच नाही. देवाच्या कामासाठी घरदार सोडून इथवर आलो, आणि आमचंच लेकरू देवापासून दूर चाललंय. पाचारण ओळखण्यात आमची चूक झाली का?”

परक्या देशात सेवाकार्य करणाऱ्या आईवडिलांकडून हा प्रश्न समुपदेशनात मी अनेकदा ऐकला आहे. पाचारण म्हणजे देवानं या कामासाठी दिलेली हाक. शब्द बदलतात, आवाजातली भीती तीच असते. या कुटुंबाचं तिथलं तिसरं वर्ष चालू होतं. वडील पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामात, आई घर सांभाळून बायकांच्या शास्त्राभ्यासात. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायची परवानगी आईवडिलांनी दिली. मुलीची मी वेगळी मागितली.)

विश्वासाच्या प्रश्नाला मी लगेच हात घातला नाही. आईला म्हटलं, “मागचा मंगळवार सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत.”

सकाळी सातलाच दारात कोणीतरी आलेलं. दुपारी मुलगी शाळेतून आली ती दप्तर टाकून आईबरोबर दवाखान्यात, कारण तिथली भाषा तिला सफाईनं येते आणि आईला अजून एकेक शब्द जुळवावा लागतो. धाकट्याचा ताप, आईची पाठदुखी, एकदा तर घरमालकाशी झालेली कुरबुर, या सगळ्याचं भाषांतर तिनंच केलं होतं. संध्याकाळी मुक्कामी पाहुणे आले, त्यांना मुलांची खोली दिली. रात्री उशिरा कौटुंबिक प्रार्थना झाली, तीही कामाच्या विषयांची यादी समोर ठेवून.

“इतकी गुणी आहे हो ती, कधी कुरकुर नाही,” आई म्हणाली. मला तिथेच धस्स झालं. मोठ्यांचं ओझं वाहणाऱ्या मुलाला आपण गुणी म्हणतो, तेव्हा ते ओझं खाली ठेवायची त्याची सोयच काढून घेतो.

मुलीशी पहिल्या दोन भेटी कॅमेरा बंद ठेवूनच झाल्या. मी देवाबद्दल काही विचारलं नाही. तिनं आपणहून सांगितलं ते मैत्रिणीबद्दल. दुसऱ्या सेवक कुटुंबातली ही मैत्रीण आठ महिन्यांपूर्वी मायदेशी परत गेली होती. जायच्या आधीच्या आठवड्यात दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि न बोलताच ती गेली. आता शाळेत एक नवी मुलगी आली आहे. “पण तीही जाणारच ना? मग कशाला मैत्री करायची?”

मग पत्राचा विषय निघाला. वडील दर महिन्याला मायदेशातल्या मंडळ्यांना, म्हणजे त्यांना पाठवणाऱ्या चर्चना, प्रार्थनापत्र पाठवतात. मैत्रीण गेली त्याच महिन्याच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘मुलं छान रुळली आहेत, प्रभूची स्तुती असो.’ सोबत दोघा मुलांचा हसरा फोटो. मुलीनं ते वाचलं होतं.

“बाबा असं लिहितात आणि रात्री म्हणतात, डोळे मिट, मनातलं देवाला सांग. मी खरं सांगितलं तर बाबांचं पत्र खोटं ठरेल.”

अकरा वर्षांच्या मुलीनं वडिलांची लाज राखायला प्रार्थना सोडली होती. आईवडिलांना ती देवापासून दूर चालल्याची खूण वाटत होती. मला तर तिच्याइतकं खरेपण त्या घरात दुसऱ्या कोणाच्या प्रार्थनेत दिसलं नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी १९५०च्या दशकात, भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना, अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ हे नाव दिलं. आईवडिलांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधे वाढणाऱ्यांची तिसरी. ही मुलं भाषा भराभर उचलतात, म्हणून ती रुळली असं आपण धरून चालतो. भाषा जिभेवर बसली तरी निरोपाचं दुःख मनातून हललेलं नसतं. शिवाय हे दुःख एकदाच येत नाही, कारण सेवक कुटुंबांच्या वर्तुळात सतत कोणीतरी येत असतं, कोणीतरी जात असतं.

वडिलांशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. माणूस प्रामाणिक, कष्टाळू. “ताई, या मंडळ्यांतल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून आम्हाला पाठवलंय. मुलगी दुःखी आहे असं त्यांना कसं लिहू?” बंगालमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी विल्यम केरी हे त्यांचं दैवत. म्हणून मी त्यांना केरींच्या पत्नी डोरोथींबद्दल विचारलं. डोरोथी आधी यायला तयारच नव्हत्या. अखेर १७९३ मध्ये नवऱ्याबरोबर बंगालमध्ये आल्या. दुसऱ्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला आणि त्यांचं मन कोलमडलं, ते पुन्हा सावरलं नाही. केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापून निघालं, तेव्हाही त्या आजारीच होत्या; १८०७ मध्ये त्या वारल्या. यात केरींना दोष द्यायचा नाही, त्या काळी अशा आजारावर इलाजही नव्हता. पण त्या व्याकरणाचं ऋण मानणाऱ्या आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी डोरोथींची आठवण किती ठेवली? वडील बराच वेळ गप्प होते. नंतर एवढंच म्हणाले, “आमच्या घरात कोण काय सोसतंय, ते मी विचारलंच नाही.”

बदल छोटे होते. दवाखान्यात जाताना सोबत कोणी मोठी व्यक्ती, मुलगी नाही. आईसाठी आठवड्यात दोन दुपारी भाषेची शिकवणी, आणि त्या वेळात घर वडिलांकडे. हे मी आग्रहानं मांडलं. कामाची गरज म्हणून नवऱ्याला भाषा शिकायला वेळ मिळतो, बायकोची भाषा मागे राहते आणि तिचा भार मुलांवर पडतो, हे मी वारंवार पाहिलं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ दार बंद. मुलांची खोली त्यांना विचारल्याशिवाय पाहुण्यांना द्यायची नाही. या शेवटच्या गोष्टीवर आई अडखळली, पाहुणचारात कमी पडू अशी तिला भीती होती. पण तिनं ते पाळलं.

प्रार्थनेत यादी थांबवून त्यांनी स्तोत्रं घेतली, तीही आक्रोशाची. तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळही नाही. मुलीनं विचारलं, “हे पण बायबलमध्ये आहे?”

मैत्रिणीचा निरोप राहूनच गेला होता. चांगल्या निरोपाचे चार भाग, तिसऱ्या संस्कृतीच्या मुलांवर लिहिणारे डेव्हिड पोलॉक यांनी सांगितले आहेत: समेट, ऋण व्यक्त करणं, निरोप घेणं आणि पुढच्या ठिकाणाचा विचार. मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा समेटच राहून जातो. दूर होण्याचं दुःख सोसायला भांडण सोपं पडतं, म्हणून जवळची मुलं निघायच्या आधी भांडतात. हे सांगितल्यावर मुलगी रडली. मैत्रिणीला पत्र लिहायला तिला तीन आठवडे लागले.

वाचणाऱ्या आईवडिलांना एक सांगणं आहे. मूल खाणंपिणं सोडू लागलं, रात्र रात्र जागू लागलं, जगण्याबद्दल निराशेनं बोलू लागलं, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना लगेच गाठा, प्रार्थना चालू ठेवूनच. आणि त्यासाठी परत यावं लागलं, तर ते पाचारणातून पळून जाणं नव्हे.

मुलगी आता प्रार्थनेला बसते, कधी गप्प, कधी बोलत. अजून एक वर्ष राहायचं की परतायचं, हा निर्णय व्हायचा आहे आणि त्या बोलण्यात तिलाही धरलंय. प्रार्थनापत्र पाठवण्याआधी वडील तिला वाचायला देतात. मागच्या महिन्यात तिनं एक वाक्य खोडून स्वतःचं घातलं: ‘मला इथे अजून आवडत नाही, पण नव्या मुलीचं नाव मी विचारलं.’ वडिलांनी ते तसंच पाठवलं.