अभ्यास मध्येच सुटतो. डोंगरातून काय शिकता येईल?

आपण विचारले आहे की, नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू केला की दोन-तीन महिन्यांत तो सुटतो, तर गिर्यारोहणासारख्या मैदानी खेळांतून त्यावर काही उपाय सापडतो का. मी ठाण्यात राहतो, सोळा वर्षे सह्याद्रीत भटकतो आहे, आणि नोकरी करतच चाळिशीच्या उंबरठ्यावर कायद्याची तीन वर्षांची पदवी मी पूर्ण केली, त्यामुळे उपाय सापडतो असे मी अनुभवाने सांगू शकतो.

डोंगरात मी शिकलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे परतीची वेळ घर सोडण्यापूर्वीच ठरवणे. माहुली हा आपल्या जिल्ह्यातला सुमारे २,८०० फूट उंचीचा किल्ला. एका ऑक्टोबरात आम्ही चौघे आसनगावला उतरलो तेव्हाच उशीर झाला होता. दुपारी एक वाजता, असू तिथून मागे फिरायचे, असे आदल्या रात्री ठरले होते. एक वाजला तेव्हा माथ्याजवळची लोखंडी शिडी समोर दिसत होती आणि चौघांत मिळून जेमतेम एक बाटली पाणी उरले होते. आम्ही फिरलो. उतरताना वाळलेल्या गवताखालच्या घसाऱ्यावरून एकाचा पाय घसरून मुरगळला, आणि त्याला आधार देत पायथ्याच्या गावात पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. शिडीचा हट्ट धरला असता, तर ती सगळी उतरण काळोखात आणि तहानलेल्या अवस्थेत करावी लागली असती. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर काही गिर्यारोहक दुपारी दोनची मर्यादा उलटल्यावरही वर चढत राहिले आणि वादळात सापडले. त्या वादळाने पर्वताच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जणांचा बळी घेतला. शिखर दिसू लागले की दमलेले मन हिशेब करू शकत नाही, म्हणून तो हिशेब ताज्या मनाने आधीच करून ठेवावा लागतो.

हेच मी अभ्यासात वापरले. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी जानेवारीतच वहीत लिहून ठेवले होते की, १५ मार्चपर्यंत एखाद्या विषयाचे एकही वाचन झाले नाही, तर त्या पेपरची केटी (म्हणजे तो पेपर नंतर पुन्हा देणे) पत्करायची आणि उरलेल्या विषयांवर सगळा जोर लावायचा. तशी वेळ आली. एक पेपर सोडताना वाईट वाटले, पण अभ्यास सुटला नाही. माझ्या मते अनेकांचा अभ्यास आळसाने सुटत नाही. मागे कुठवर यायचे हेच ठरलेले नसल्यामुळे एक आठवडा हुकला की सगळेच हुकले असे वाटू लागते.

कातळ चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन पक्के रोवलेले ठेवून चौथाच हलवायचा असतो. आपण अभ्यासाबरोबर पहाटेचा व्यायाम आणि नवे जेवण एकाच सोमवारी सुरू करत असाल, तर आपले तीन आधार एकदम सुटलेले असतात. झोपेची वेळ, नोकरीचे तास आणि घरच्यांबरोबरचे रात्रीचे जेवण जसे आहे तसेच राहू द्यावे आणि पहिले दोन महिने फक्त अभ्यासाचा एक तास हलवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

वेगाबद्दल एवढेच, की ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या चढावर सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चालणारा शेवटपर्यंत जातो. आपलाही पहिला महिना तसाच, थोडा कमीच वाटावा असा असू द्यावा.

माहुलीला आम्ही त्याच डिसेंबरात पुन्हा गेलो. या वेळी पहाटेची कसारा लोकल धरली, पाणी प्रत्येकी तीन लिटर घेतले आणि परतीची वेळ पुन्हा एकचीच ठेवली. शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवला तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि पाय मुरगळलेला सोबती सर्वांत पुढे होता.